माझ्या हातचे आकडे

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी चार पेनं घेऊन बसायचो. दोन निळी, एक काळं आणि एक निळंच, पण शाई संपत आलेलं, म्हणजे अक्षर फिकट उमटावं. समोर कंपनीच्या ईटीपीची नोंदवही. ईटीपी म्हणजे कारखान्यातलं रसायनांचं घाण पाणी साफ करून बाहेर सोडायची जागा. तिथे रोज तीन वेळा पाणी तपासून त्यात किती घाण उरली तो आकडा लिहायचा असतो. आम्ही महिन्याचे सगळे आकडे एकदम लिहायचो. तीन पाळ्यांचे तीन ऑपरेटर, म्हणून तीन हातांची अक्षरं. मला तिन्ही यायची.

मी या कामात हुशार होतो. आकडे एकसारखे आले की तपासणाऱ्याला शंका येते, म्हणून ते थोडे वरखाली ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी जरा कमी. आणि महिन्यातून एकदा एक आकडा मुद्दाम मर्यादेच्या वर न्यायचा आणि पुढे शेरा मारायचा, ‘ब्लोअर बंद पडला, दुरुस्त केला.’ ही एक चूक आपणहून कबूल केली की बाकीचे सगळे दिवस खरे वाटायचे. वरचे साहेब तो शेरा वाचून मान डोलवायचे. ती युक्ती माझी होती. मला तिचा अभिमान वाटायचा, हे इथे लिहून टाकतो.

साजगावच्या बाजूची ती कंपनी कापडाला लागणारे रंग बनवायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे चिकटलो आणि ईटीपीचा प्रमुख झालो. पाणी खरोखर तपासायचं तर नमुना दोन तास उकळत ठेवावा लागतो, त्यात माणूस अडकतो, केमिकल जातं. शिवाय खरा आकडा हातात आला की त्याचं काहीतरी करावं लागतं. टाक्यांमधे हवा सोडणारे ब्लोअर रात्रभर चालवावे लागतात, विजेचं बिल वाढतं. खोटं लिही असं मला कुणी लेखी सांगितलं नव्हतं. माझ्या आधीचे प्रमुख निवृत्त होताना एवढंच म्हणाले होते की रोज रोज डोकं लावू नकोस, शेवटच्या दिवशी निवांत बसत जा. मी अकरा वर्षं निवांत बसलो.

कंपनीचं पाणी ज्या नाल्यात सुटतं त्याच्याच काठाला, तीन-चार किलोमीटर खाली आमची वाडी आहे. माझी आत्या अजून तिथेच राहते. भात निघालं की ती नाल्याच्या कडेला वांगी-मिरची लावायची आणि टोपली घेऊन खोपोलीच्या शिळफाट्याला विकायला बसायची. एका फेब्रुवारीत ती थेट कंपनीच्या गेटवर आली. काखेत कळशी. वॉचमनने मला आतून बोलावलं. आत्याने कळशी माझ्यापुढे धरली. आतलं पाणी लालसर होतं.

‘‘बग रं,’’ ती म्हणाली. ‘‘ह्ये वांग्यांना घालू का नको, तेवडं सांग.’’

मी म्हटलं, तपासून सांगतो. कळशीतलं पाणी बाटलीत घेतलं, आत गेलो आणि बाटली बेसिनमधे ओतून दिली. अर्धा तास प्रयोगशाळेत बसून राहिलो, तपासणीला वेळ लागतो हे तिला वाटावं म्हणून. मग बाहेर येऊन सांगितलं, पाण्यात काही नाही, वरून लाल माती आली असेल. तिने मान हलवली. मी वाडीतला पहिला बीएस्सी होतो. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला तेव्हापासून आमच्याकडे एकच गोष्ट घोकली जायची, शिका. तिच्या लेखी मी शिकलेला होतो, म्हणजे मी सांगितलं ते खरं. तिने ते पाणी वांग्यांना घातलं. आठ दिवसांत पानं कडेने करपली, पंधरा दिवसांत वाफे उभे वाळले. त्यानंतर तिने नाल्याकडेला काही लावलं नाही. मला कधी एका शब्दाने विचारलंही नाही.

त्या दिवशी मी नोकरी सोडली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यानंतर साडेतीन वर्षं तिथेच होतो. महिन्याच्या शेवटी चार पेनं घेऊन बसतच होतो.

सोडायचं निमित्त वेगळंच झालं. तपासणीला सरकारी साहेब आले की मोठे शेठ खुर्चीत बसूनच हात करायचे. एकदा बँकेतून एक अधिकारी आली. पंचविशीची मुलगी, पाठीला सॅक, केस उडालेले, स्कूटीवरून आली होती. शेठ उठले आणि दारापर्यंत चालत गेले. तिने मशिनरीची कागदपत्रं मागितली तर स्वतः कपाट उघडून काढून दिली. मी फाईल घेऊन बाजूला उभा होतो. आमची कंपनी नक्की कुणाला भिते ते मला चाळिशी उलटल्यावर असं उभ्याउभ्या कळलं.

मग मी वाचायला लागलो. पर्यावरण सांभाळण्याची अट घालून कर्ज देणाऱ्या संस्था असतात, त्याला शाश्वत वित्त म्हणतात, त्याचं शिक्षण असतं. पनवेलच्या पुढे एका संस्थेत व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, शनिवार-रविवार वर्ग, त्यात हा खास विषय. प्रवेश परीक्षेत गणितात मी कसाबसा पास झालो. मग राजीनामा दिला. आठवड्याचे बाकीचे दिवस खोपोलीत एका क्लासमधे बारावीला केमिस्ट्री शिकवायला लागलो. घर बायकोच्या पगारावर. ती कर्जतजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.

तिने विरोध केला नाही. एवढंच विचारलं, ‘‘शिकायला चाललाय की पळून चाललाय?’’

मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, मग डबा दोन्ही दिवसांचा लागेल.

तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, त्याच ईटीपीत ऑपरेटर. त्याला मीच लावून घेतलं होतं. ज्या तीन हातांची अक्षरं मी काढायचो त्यातला एक हात त्याचा. तो जेवायला आला की माझी फिरकी घ्यायचा. ‘‘भावोजी, या वयात लोक पोरांच्या फिया भरतात, तुम्ही स्वतःची भरताय. वर्गात मागच्या बाकावर बसत जा, डुलकी लागली तर दिसणार नाही.’’ मी दोन वर्षं पहिल्या बाकावर बसलो. शिळफाट्याच्या टपरीवर जुने सोबती भेटले की चहावाल्याला ओरडून सांगत, एमबीए आले, यांना हिरवा चहा द्या. मी रोजचाच चहा मागवायचो आणि तिथेच उभा राहून प्यायचो. टपरी बदलली नाही. ज्यांना हसायचं त्यांनी समोर हसावं.

वर्गात सगळे सत्तावीस-अठ्ठावीसचे. पहिला महिना मला सर म्हणत होते, नंतर काका. लॅपटॉपवर आकड्यांचे तक्ते मांडायला त्यांनीच मला शिकवलं. चौकशी केली की मी सांगायचो, कंपनीत पर्यावरण विभाग बघायचो. त्यांना त्याचा आदर वाटायचा. तो आदर मी घेत राहिलो.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मुद्द्याला धरून बोलणाऱ्या. त्यांनी एका प्रकारचं कर्ज समजावून सांगितलं होतं. कंपनीने आपली घाण ठरल्याप्रमाणे कमी केली तर व्याज उतरतं, नाही केली तर चढतं. सगळा खेळ सुरुवातीच्या पातळीवर, बेसलाइनवर असतो. आज तुम्ही किती घाण सोडता ते आधी पक्कं लिहायचं, मग ती किती कमी केली ते मोजायचं. शेवटच्या सहा महिन्यांत प्रत्येकाने एका खऱ्या कंपनीवर असा प्रकल्प करायचा होता.

मी कंपनी शोधत होतो तेवढ्यात धाकट्या शेठचा फोन आला. मोठे शेठ आता घरी असतात, कारभार मुलाकडे. लोधिवलीजवळ हायवेच्या एका हॉटेलात त्याने मला बोलावलं. त्याला हेच कर्ज हवं होतं. नवा ईटीपी बांधायचा होता, आणि बांधायचा त्याचा विचार खरा होता, हे मी आजही म्हणेन. प्रकल्प आमच्यावरच करा, म्हणाला. परीक्षा झाली की या विभागाचे प्रमुख म्हणून परत या, पगार आधीच्या दीडपट.

मी हो म्हटलं. विचार करतो वगैरे नाही, सरळ हो. दोन वर्षांत घरात नवा पंखासुद्धा आला नव्हता.

मग तो म्हणाला की एक अडचण आहे. बँकेने गेल्या काही वर्षांच्या नोंदवह्या मागितल्या होत्या. वह्या अजून दिल्या नव्हत्या, पण तोंडी सांगितलेल्या आकड्यांवरूनच बँकेचं म्हणणं पडलं, तुमचं पाणी इतकं स्वच्छ आहे की सुधारणा दाखवणार कुठे? हे सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. ‘‘साहेब, तुम्ही फारच सुंदर लिहून ठेवलंय. आता जरा खराब करून द्या. जुन्या वह्या कोऱ्या आहेत आपल्याकडे, त्याच छापाच्या. खरंच तर लिहायचंय तुम्हाला. खूश व्हायला पाहिजे.’’

मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट आतून हलकं वाटलं. जे खोटं लिहिलं होतं ते पुसून खरं लिहायची संधी, वर पगार. वह्यांचा गठ्ठा स्कूटरला बांधून घरी आणला. पुढच्या रविवारी वर्गाला सुट्टी होती. दुपारी जेवण झाल्यावर टेबलावर जुनी वही डावीकडे, कोरी उजवीकडे, आणि चार पेनं. बायको पलीकडे पेपर तपासत होती.

मी लिहायला लागलो. हात सरावलेला होता. जुना आकडा बघायचा, तो दुपटी-तिपटीने वाढवायचा, पण सरसकट नाही, थोडा वरखाली. जानेवारी महिना अर्ध्या तासात झाला. फेब्रुवारी सुरू केला आणि त्या तारखेला आलो. आत्या गेटवर आली होती ती तारीख. जुन्या वहीत माझ्या हातचा आकडा होता, मर्यादेच्या बराच आत. शेरा नाही. आता खरा आकडा लिहायचा होता. पेन टेकवलं आणि काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी पाण्यात किती काय होतं हे सांगणारी एकच बाटली होती आणि ती मी ओतून दिली होती. चारशे लिहू? हजार लिहू? मी मनातल्या मनात बघत होतो की कुठला आकडा शोभेल.

शोभेल, हाच शब्द मनात आला होता. अकरा वर्षं मी हेच करत आलो होतो आणि आत्ताही हेच करत होतो, फक्त उलट्या दिशेने.

बायकोने मान वर करून विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. बाटलीचंही. हे तिलाही माहीत नव्हतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. तिने हातातलं लाल पेन बंद करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ‘‘आधी आत्यांना सांगा. माझ्याजवळ बोलून काय उपयोग?’’

मी दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. आत्या अंगणात वाल सोलत बसली होती. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. बाटली ओतली, अर्धा तास बसून राहिलो, लाल माती म्हणालो ते खोटं होतं. ती सोलायची थांबली नाही.

‘‘मला ठावं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘लाल माती काय मी बगितली नाय का जल्मात?’’

मी विचारलं, मग पाणी घातलंस कशाला?

‘‘तू सांगितलंस म्हणून. गेटावर आपल्या वाडीचीच चार माणसं उबी होती. आमचा पोरगा खोटा बोलतोय असं दाखवू काय त्यांना?’’

मग मी तिला वह्यांचं सांगितलं, शेठ काय म्हणतोय, मला आकडा कसा सापडत नाही. तिने वाटीतले दाणे सुपात ओतले.

‘‘आकडा नाय तं नाय लिव. पन मला दिसलं त्येवडं तं लिव. कुठल्या साली मळं गेलं, कुठल्या साली ओढ्यातलं खेकडं गेलं, म्हशी पानी प्यायच्या कवा थांबल्या. शेजारनीला इचार, तिच्यापन ध्यानात हाय. आमाला कोन इचारायलाच आलं नाय रं.’’

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. निघताना तिने वाल बांधून दिले नाहीत. दर वेळी देते.

मी अहवाल लिहिला तो असा. पहिल्या पानावर लिहिलं की मी या कंपनीत प्रमुख होतो त्या अकरा वर्षांच्या पाण्याच्या नोंदी खोट्या आहेत आणि त्या मी केल्या आहेत. कशा केल्या ते चार पेनांसकट लिहिलं, म्हणजे पुढच्याला ओळखता यावं. मग लिहिलं की बेसलाइन अस्तित्वात नाही आणि ती अंदाजाने बनवू नये. नवा ईटीपी बांधायच्या आधी वर्षभर बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पाणी मोजून घ्यावं, मगच कर्जाच्या अटी ठरवाव्यात. मागे वाडीतल्या सात बायकांनी सांगितलेलं जोडलं, साल आणि पीक यांच्या तक्त्यात. कंपनीचं नाव टाकलं नाही, तो संस्थेचा नियमच होता. माझं नाव टाकलं.

धाकट्या शेठला मी वह्या परत केल्या, सोबत अहवालाची प्रत दिली. तो तिथेच उभा राहून वाचत गेला. रागावला नाही. म्हणाला, वर्षभर थांबायला त्याच्याकडे वेळ नाही आणि माझ्याकडे अक्कल नाही. त्याने मला पाणीही विचारलं, मी प्यायलो आणि निघालो.

मेहुणा त्याच संध्याकाळी घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

‘‘भावोजी, तुम्ही लिहिलंत की तीन हातांची अक्षरं तुम्ही काढलीत. वहीत सही कुणाची आहे? माझी. तुम्ही शिकून मोकळे. मी उद्या पाळीवर जाऊ का नको?’’

मी म्हटलं की मीच लिहिलं होतं आणि सही करायला मीच सांगायचो, हेही अहवालात आहे, आणि जिथे विचारतील तिथे सांगेन. तो म्हणाला, तुमचं मन हलकं झालं, त्याची किंमत मी भरायची? बायको मधे पडली नाही. भाऊ गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात आपटली. त्याची नोकरी अजून आहे. घरी येत नाही. भाऊबीजेला तिला स्वतः जावं लागलं, मी रिक्षात बाहेर थांबलो. मी हे बरोबर केलं असं त्याच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही. पण पुन्हा लिहायची वेळ आली तर तेच लिहीन.

तोंडी परीक्षेला मॅडम आणि बाहेरून आलेले दोन परीक्षक होते. त्यातले वयस्कर गृहस्थ बऱ्याच बँकांचे सल्लागार. त्यांनी शांतपणे सांगितलं की विषय चांगला आहे, पण पहिलं पान काढा. माहिती उपलब्ध नाही एवढं एक वाक्य पुरे. आणि मागचा तक्ता म्हणजे आठवणी आहेत, त्याला माहिती म्हणता येत नाही.

मी म्हटलं, ‘‘सर, मी लिहिलेल्या अकरा वर्षांच्या नोंदींना सगळ्यांनी माहिती म्हटलं. या बायका निदान तिथे हजर तरी होत्या.’’

ते म्हणाले, हा भावनेचा मुद्दा झाला. मी म्हटलं, असेल. पान काढणार नाही. आवाज जरा चढला होता, तो खाली आणून मी पुन्हा तेच म्हटलं. मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं.

कॉरिडॉरमधे मी पाऊण तास बसलो. वर्गातली मुलं आळीपाळीने येऊन विचारत होती, काका, काय झालं. अहवाल त्यांनी वाचला होता. कंपनीत पर्यावरण विभाग बघायचो म्हणजे काय करायचो ते त्यांना आता माहीत होतं. तरी काका म्हणत होती. शेवटी मॅडम बाहेर आल्या. प्रकल्पाला पास होण्यापुरते गुण दिले होते, पान तसंच ठेवून. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, या पानाचे परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत ना? मी म्हटलं, त्याची एक प्रत मी कालच कंपनीचं नाव घालून प्रदूषण बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला पोस्ट केली आहे.

पदवी मिळून पाच महिने झाले. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणी सांगितलं की आम्हाला सकारात्मक माणसं हवीत. दुसऱ्यांनी कळवतो म्हटलं. पनवेलच्या एका छोट्या वित्तसंस्थेत मात्र तिथल्या बाईंनी अहवाल उघडून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, खोटी वही ओळखायची कशी? मी दीड तास बोललो. त्यांनी लिहून घेतलं. नोकरीबद्दल म्हणाल्या की तुमचं प्रकरण निकालात निघाल्यावर बघू.

प्रकरण म्हणजे त्या सरकारी कार्यालयापुढची सुनावणी. गेल्या आठवड्यात नोटीस आली, कंपनीला एक आणि मला एक. पोस्टमन ओळखीचा, म्हणाला, सही करू नका, घर बंद होतं असं लिहितो. मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. शिळफाट्याला बातमी माझ्या आधी पोचली होती. कुणीतरी विचारलं, वकील केला का? मी नाही म्हटलं. वकील मला गप्प बसायला सांगेल, आणि तेवढ्यासाठी पैसे घेईल.

मंगळवारी जायचंय. बायकोने शाळेत रजा टाकली आहे. मी सांगितलं नव्हतं. आत्याने काल शेजाऱ्याच्या फोनवरून विचारलं, तितं बायांना बोलू देतात का? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण तू ये. ती म्हणाली, मग गाडीचं बग, आमी सात जनी हाव.